अण्णांची ऑटोमॅटिक आणि गाळातली वीस मिनिटं

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जसं आलं, तसंच बरंचसं ठेवलं आहे.)

आजचा भाग मला खरं तर करायचा नव्हता, कारण यात चूक माझी आहे. पण गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून आला. "दादा, ऑटोमॅटिक गाडी जरा दामटली, गिअरबॉक्सचा दिवा लागला, थोड्या वेळानं आपोआप गेला. आता काही करायची गरज आहे का?" प्रत्येकाला व्हॉइस नोट पाठवून मी दमलो. म्हटलं, आपलंच झाकलेलं उघडं करू, म्हणजे एकदाच सांगून होईल.

आमचं गाव उजनीच्या काठावर, करमाळा तालुक्यात, चिखलठाणच्या पट्ट्यात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, भीमेवर उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि नदीकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली. आत्ताचं आमचं गाव म्हणजे वर सरकून बसलेलं गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावठाणाची जागा उघडी पडते. पलीकडं इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ असंच वर येतं, त्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आमच्याकडं देऊळबिऊळ काही नाही. जोत्याचे दगड, एक बुजलेली विहीर आणि गाळ. त्या गाळात लोक पेरतात, त्याला गाळपेर म्हणतात.

अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. तीस-पस्तीस वर्षं ट्रॅक्टर चालवला. नांगरट, उसाची वाहतूक, केळीच्या गाड्या, सगळं. ट्रॅक्टरचा क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला असं ते म्हणतात. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, पण अण्णा म्हणतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच बंद. मोटारसायकलवर मागं बसायचं तर पाय दुमडत नाही. मग केळीचे पैसे आले तेव्हा त्यांनी एक सेकंडहँड ऑटोमॅटिक डिझेल गाडी घेतली. कंपनी सांगत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. त्या गाडीमुळं माणूस परत स्वतःच्या मनानं रानात जायला लागला, टेंभुर्णीला जायला लागला. हे आधी सांगतोय, कारण मी काय घालवलं ते कळायला हवं.

मे महिना. माझे पुण्याचे चार मित्र रेल्वेनं जेऊरला उतरले. दुपारी अण्णा जेवून झोपले होते. काकूंकडून किल्ली घेतली आणि मित्रांना जुनं गावठाण दाखवायला गाडी थेट गाळात नेली. गाळ वरून भेगाळलेला असतो, वाटतं सिमेंट आहे. खाली लोणी. पुढची दोन्ही चाकं गेली. गाडीचं पोट टेकलं.

आता शहाण्या माणसानं तिथंच थांबून ट्रॅक्टरला फोन केला असता. मी काय केलं? डी टाकला, रेस. आर टाकला, रेस. परत डी. एक जण मोबाइलवर रील काढतोय, दोघं मागून ढकलतायत. इंजिन ओरडतंय आणि गाडी वीतभरही हलत नाही. ऊन असं, की बोनेटवर हात ठेवता येत नव्हता. मी मधूनमधून तापमानाचा काटा बघत होतो. काटा बरोबर मध्यावर. म्हणजे सगळं ठीक! आणि मग पडद्यावर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला.

इथं जरा थांबतो.

तो काटा इंजिनच्या पाण्याचा असतो. गिअरबॉक्सच्या तेलाचा काटा बहुतेक गाड्यांत नसतोच. इंजिनचं पाणी नव्वदला निवांत आणि शेजारी गिअरबॉक्सचं तेल करपतंय, असं सहज होऊ शकतं. मीटरवर दिसतं एक आणि आत असतं वेगळं, हे उजनीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. आपल्या धरणाची टक्केवारी शून्याच्या खाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नासच्याही खाली गेली होती. बाहेरच्या माणसाला वाटतं, शून्याखाली पाणी कसं? पण धरणात जवळपास ११७ टीएमसी मावतं आणि त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा धरतात, तो त्या टक्क्यात मोजतच नाहीत. गाडीच्या काट्याचंही तसंच. तो काय मोजतोय ते आधी माहीत पाहिजे.

मग तेल तापतं कशानं? माझा समज होता की गाडी जोरात पळवली की तापतं. नाही. हाफ क्लचनं तापतं.

ट्रॅक्टरवाल्याला हे लगेच कळेल. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओल्या रानातून बाहेर काढताना क्लच अर्धवट सोडून रेस केली की काय होतं? प्लेट घासते, वास येतो, शेजारच्या रानातला माणूस म्हणतो, "आरं, प्लेट जाळायलास का?" इंजिन फिरतंय, चाक फिरत नाही, मधली सगळी ताकद उष्णता होऊन जाते. ऑटोमॅटिक म्हणजे क्लच नसलेली गाडी नाही. तुमच्या वतीनं हाफ क्लच मारणारी गाडी. फरक एवढाच, की ती मारते तेव्हा तुमच्या पायाला कळत नाही.

अण्णांच्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर होता. बंद डब्यात तेल, आणि त्यात समोरासमोर दोन पंखे. एक इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला. इंजिनचा पंखा तेल फेकतो, त्या माऱ्यानं दुसरा फिरतो. गाडी अडकली की दुसरा पंखा जागेवर उभा, पहिला गरगरतोय, आणि तेल घुसळून निघतंय. पळत्या गाडीत एका वेगाला आत लॉकअप नावाचा क्लच लागतो, दोन्ही पंखे एकत्र बांधले जातात, घुसळण थांबते. म्हणून हायवेवर शंभरनं शांत जाणारी गाडी गिअरबॉक्सला गार ठेवते आणि गाळातली शून्य वेगाची गाडी त्याला उकळते. सुसाट जाण्यापेक्षा अडकून रेस करणं वाईट. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर...

थोडा हिशोब करू, कागदावरचा. समजा आत आठ लिटर तेल आहे, म्हणजे अंदाजे सात किलो. एक किलो तेल एक अंशानं तापवायला साधारण दोन किलोज्यूल लागतात. म्हणजे सगळ्या तेलाला एका अंशाला चौदा. आता अडकलेल्या गाडीत मी रेस करून फक्त वीस किलोवॅट ताकद त्या तेलात ओततोय असं धरा. वीस किलोवॅट म्हणजे धरणावर पाणी उचलायला बसवलेल्या पाच एचपीच्या पाच मोटारींपेक्षा थोडं जास्तच. वीस भागिले चौदा, म्हणजे सेकंदाला जवळपास दीड अंश. अर्ध्या मिनिटात चाळीस अंशांच्या वर! प्रत्यक्षात लोखंडही थोडी उष्णता खातं, कूलर थोडी काढून घेतो, चाकं गाळात फिरत असतील तर तेवढी ताकद तेलातून सुटते. पण माझी चाकं बऱ्याच वेळा फिरतच नव्हती, चिकटून बसली होती. आणि गाडी उभी असल्यामुळं कूलरला वारा नाही, नुसता पंखा. तोही मेच्या उन्हातली हवा ओढतोय.

साधारण ८० ते ९५ अंशांत हे तेल खूश असतं. १२० च्या वर गेलं की खराब व्हायला लागतं. गॅरेजमधला ढोबळ ठोकताळा असा, की दर दहा अंशाला तेलाचं आयुष्य निम्मं. नव्वदचं एकशेवीस झालं तर निम्म्याचं निम्मं, त्याचंही निम्मं. तेल पातळ होतं, दाब कमी पडतो, आतल्या प्लेटा नीट आवळल्या जात नाहीत. घसरतात म्हणून तापतात, तापतात म्हणून घसरतात. सीलचं रबर कडक होतं ते वेगळंच. डी-आर-डी-आर करताना तर त्या प्लेटांना दर वेळी उलट दिशेनं झटका बसतो, तो मुद्दा मला फार उशिरा कळला.

असो. गोष्टीकडं येतो.

शेवटी शेजारच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर आला आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर. दोन मिनिटं! ट्रॅक्टरवाल्या आबांनी दोरी सोडताना एवढंच म्हटलं, "गाडीला जरा दम खाऊ दे." मी घड्याळ बघितलं. मित्रांची परतीची रेल्वे होती. अण्णा उठायच्या आत गाडी जागेवर लावायची होती. दम कुठला खातोय? तसाच जेऊरला दामटली. अरुंद रस्ता, पुढं पिकअप, टमटम. प्रत्येक ओव्हरटेकला पाय खाली, गाडी गिअर खाली टाकते, लॉकअप सुटतो, परत घुसळण. म्हणजे आधीच उकळलेल्या तेलाखाली मी जाळ चालूच ठेवला. स्टेशनवर पोचलो, ब्रेक दाबला, पी टाकला आणि त्याच क्षणी इंजिन बंद केलं. मित्र पळाले, गाडी मिळाली त्यांना.

आणि ही शेवटची चूक. गिअरबॉक्सचं तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, म्हणजे तेल कूलरपर्यंत जातच नाही. सगळ्यात गरम तेल कन्व्हर्टरमध्ये तसंच बसून राहतं आणि त्याची धग शेजारच्या सीलना. चुलीवरून उतरवलेलं दूध जरा हलवत राहिलं तर लवकर निवतं, तसंच ठेवलं तर वेळ लागतो. तेच हे.

परत निघताना गाडी सुरू केली, डी टाकला, काहीच नाही. एक, दोन, मग धक्का देऊन निघाली. रस्त्यात तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना इंजिन मध्येच मोकळं ओरडलं, जणू कोणी क्लच दाबला. घरी आलो तर अण्णा ओट्यावर.

अण्णा काही बोलले नाहीत. गाडीला एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं, वास घेतला. म्हणाले, "प्लेटीचा वास न्हाय हा. तेलाचा हाय. किती येळ रेस केलीस?"

"दहा मिनिटं असतील."

"खरं सांग."

"वीस."

"आन् जेऊरला कसा गेलास?"

मी गप्प. ते आत गेले.

पुढचं थोडक्यात. गिअरबॉक्स उतरवला. तेल काळपट, जळका वास. प्लेटा गेल्या होत्या, कन्व्हर्टर बदलावा लागला. बिल लाखाच्या वर. ते मी हप्त्यानं फेडतोय, त्याचं काही नाही. पण गाडी सहा आठवडे पुण्यात होती, आणि तेवढे दिवस अण्णा रोज सकाळी कपडे घालून ओट्यावर बसायचे. कोणी तरी रानात नेईल म्हणून. कधी कोणी न्यायचं, कधी नाही. एकदा पाऊस पडून गेल्यावर केळीच्या खुंटांकडं बघायला जायचं होतं त्यांना, तर मीच पुण्यात होतो. ते फोनवर म्हणाले, "राहू दे, उद्या जाईन." हे मला बिलापेक्षा जास्त लागलं.

आता तुमच्या प्रश्नाकडं. दिवा लागला, मग गेला, काय करायचं? आधी हे बघा की तुमची ऑटोमॅटिक कुठली. "ऑटोमॅटिक" या एका नावाखाली चार वेगळी जनावरं आहेत आणि उष्णता प्रत्येकात वेगळ्या जागी बसते.

टॉर्क कन्व्हर्टर असेल तर वर सांगितलं ते सगळं. दामटून झालं, घाट चढून झाला, गाळातून निघालात, की सुरक्षित जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, पी किंवा एन ठेवा आणि इंजिन तीन-चार मिनिटं चालू राहू द्या. न्यूट्रलमध्ये दुसरा पंखा पहिल्याबरोबर मोकळा फिरतो, नवी उष्णता फारशी तयार होत नाही आणि पंप गरम तेल कूलरमधून फिरवत राहतो. एसी चालू ठेवला तर बहुतेक गाड्यांत रेडिएटरचा पंखाही फिरतो. दिवा लागलेलाच असेल तर तो जाईपर्यंत थांबा. पण आधी गाडीबरोबर आलेली पुस्तिका उघडा, काही गाड्यांची सूचना वेगळी असते. आणि इंजिनच्याच पाण्याचा काटा लालवर असेल किंवा वाफ येत असेल, तर तो आजार निराळा, त्याला हा उपाय लावू नका.

एक सांगायचं राहिलं. गरम गाडी वाळल्या पाचटावर किंवा गवतावर उभी करू नका. खाली सायलेन्सरची नळी तापलेली असते. उसाच्या फडाशेजारी असं उभं राहणं म्हणजे काडी लावणं.

एएमटी असेल तर? २०१४ मध्ये मारुतीनं सेलेरिओत एएमटी आणली आणि त्यानंतर आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत ती झपाट्यानं पसरली. यात कन्व्हर्टर नाही. साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, साधी कोरडी क्लच प्लेट, फक्त पायाऐवजी यंत्र दाबतं. म्हणजे वास आला तर तो ट्रॅक्टरच्या प्लेटीसारखाच येणार. चढावर अॅक्सिलरेटर दाबून गाडी धरून ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा, ब्रेक वापरा. तेल नाही, म्हणून इंजिन चालू ठेवून प्लेट लवकर गार होत नाही. तिला वेळच द्यावा लागतो. न्यूट्रल करून पंधरा-वीस मिनिटं थांबा, चहा प्या.

ड्युअल क्लच, म्हणजे डीसीटी, यात दोन क्लच असतात. काही गाड्यांत कोरडे, काहींत तेलात बुडालेले. टाटानं २०२२ मध्ये अल्ट्रोझला दिला तो ओला होता. कोरड्या डीसीटीचा आपल्या भागातला खरा शत्रू म्हणजे गळीत हंगाम. करमाळा-टेंभुर्णी रस्त्यावर डिसेंबर-जानेवारीत दोन ट्रॉल्यांच्या मागं अडकलात की कळेल. ट्रॅक्टर पाच-सात किलोमीटरच्या वेगानं चाललाय, तुम्ही त्याच्या बुडाला चिकटून इंच इंच सरकताय, आणि तुमची गाडी सलग हाफ क्लचवर. समोर ओव्हरटेक मिळत नाही, मागून हॉर्न. अशा वेळी चिकटू नका. थांबा, पुढं पंचवीस-तीस मीटर मोकळं होऊ द्या, मग नीट निघा, क्लच पूर्ण लागू द्या, परत थांबा. मागचा शिव्या देईल, देऊ दे. इशारा आला तर एक तर बाजूला घेऊन थांबा किंवा रस्ता मोकळा मिळाला तर न थांबता एका वेगानं चालवत राहा, कारण क्लच पूर्ण लागला की घासणं बंद.

सीव्हीटीबद्दल एवढंच, की त्यात पट्टा दोन पुलींमध्ये आवळून चालतो आणि त्याला घसरणं अजिबात सहन होत नाही. गाळ, वाळू, दुसऱ्याची गाडी ओढणं यात ती घालूच नका.

आणखी एक, आपल्याकडचं. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या पुढं किंवा त्याच्यातच असतो. हंगामात पाचटीचा भुसा आणि रस्त्याचा फुफाटा त्या जाळीत जाऊन बसतो. बाहेरून गाडी चकाचक आणि जाळी बुजलेली. धुताना तिथं हलक्या हातानं पाणी मारा, जोराच्या फवाऱ्यानं जाळीचे पत्रे वाकतात. आणि हो, गाळातून काढलेली गरम गाडी चिखल धुवायला तशीच धरणाच्या पाण्यात घालू नका. पोरं घालतात, मी पाहिलंय. तापलेलं लोखंड एकदम गार झालं की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जाऊ शकतं. या तेलात पाणी मिसळलं की त्याची गुलाबी लस्सी होते, आणि मग प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागतं.

दिवा गेला, गाडी पूर्वीसारखी चालते, तरी एकदा तेल दाखवून घ्या. बऱ्याच नव्या गाड्यांत तेल बघायची दांडीच नसते, वर्कशॉपमध्येच बघावं लागतं. रंगावर फार जाऊ नका, जुनं तेल तपकिरी होतंच. वास घ्या. जळका असेल तर "हे तेल आयुष्यभराचं आहे" असं कोणी सांगितलं तरी बदला. ते आयुष्य गाळात वीस मिनिटं घालवलेल्या गाडीचं नसतं. पण डी टाकल्यावर उशीर, धक्का, मध्येच मोकळं ओरडणं, यातलं काही असेल तर नुसतं तेल बदलून आशेवर राहू नका. आणि ती गाडी तशीच चालवून घरी तर अजिबात आणू नका, मी आणली तशी.

अण्णांची गाडी जुलैत परत आली. किल्ली आता काकूंकडं नसते, अण्णांच्या खिशात असते. मी मागितली तर देतात, पण हात जरा उशिरा पुढं येतो. मी त्यांना हे इंजिन चालू ठेवायचं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, डिझेल जाळायचं म्हणून कुरकुर करतील. काहीच बोलले नाहीत. आता रानातून आले की पी टाकतात, इंजिन चालूच, चष्मा लावतात आणि मोबाइलवर उजनीचा त्या दिवसाचा साठा बघतात. किती टक्के, आवक किती, विसर्ग किती, सगळं मोठ्यानं वाचतात, काकूंना ऐकू जाईल असं. वाचून झालं की मग किल्ली फिरवतात.